दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: १९६५ ची फोक्सवॅगन बीटल

नमस्कार सर, तुमची बीटल आमच्या गॅरेजने नव्याने बांधून दिली त्यावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार आणि तीन तक्रारी, ८ महिने सांगून १४ लावले, पहिले तीन महिने "नुसत्या गप्पा आणि याद्या", आणि १७७६ सीसीचं इंजिन मागितलं तर जुनं १२०० सीसीचंच परत बांधून दिलं. गाडीवर तुमचा किती जीव आहे ते मी बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

उशिराचं आधी. चूक माझी. बॉडी चॅसिसवरून उचलायच्या आधीच मी तारीख आणि आकडा दोन्ही बोलून बसलो, तसं करायला नको होतं. वरून पेंट चकाचक, पण खरवडल्यावर दोन्ही हीटर चॅनलमध्ये (दारांखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्या) पत्रा कमी आणि लांबीच (पुटी) जास्त निघाली, मागच्या सीटखाली बॅटरी बसते तिथला फ्लोअर तर बोटाने दाबला तरी आत जायचा. वाढलेले पैसे सगळे तिथेच गेले. फोटो मी पाठवले पण त्यानंतर पाच आठवडे स्वतःहून एक फोन केला नाही, तुम्हीच करत राहिलात. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण गप्पांचं मला पटत नाही सर. तुम्ही पहिल्या दिवशी रंगाचं शेडकार्ड घेऊन आलात आणि मी विचारलं की गाडीत बसणार किती जण, जाणार कुठे, कुठल्या महिन्यात. तुम्ही म्हणालात चौघं, पुण्याहून गुहागर, मे महिन्यात, कुंभार्ली घाटाने. आणि लगेच म्हणालात व्हीए नंबर, म्हणजे विंटेज गाड्यांचा खास नंबर, पण पाहिजे. आता २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हीए सिरीज मिळते ती ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाडीला, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन वगैरेसाठीच. म्हणजे व्हीए नंबर, मोठं इंजिन आणि दरवर्षी गुहागर हे एकत्र जमणारच नव्हतं, काय सोडायचं ते तुम्हालाच ठरवायला लागलं आणि घरी बोलून ठरवायला तुम्ही वेळ घेतलात तो योग्यच घेतलात. शेवटी जुन्या आरसीवरच चालवायची ठरली. हे पेंटनंतर कळलं असतं तर?

१७७६ चं. तुमच्या १२०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४, आणि १७७६ ला लागतो ९०.५ आणि ६९. म्हणजे आहे ते इंजिन मोठं करायचं नव्हतं, दुसरंच टाकायचं होतं, त्याला आधी आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, नवी सीसी, शिवाय चारही चाकांना ड्रम असलेले ब्रेक पण बदलायचे. ३४ हॉर्सपॉवर घाटात कमी वाटते हे मान्य, सेकंडमध्ये चढावं लागतं. पण मेच्या उन्हात चौघांना घेऊन चढायचं तर मला ताकदीपेक्षा इंजिन गार राहण्याची काळजी जास्त होती आणि हे मी यादीत लिहून दिलं होतं, त्यावर तुमची सही आहे.

आणि ती "रबराची पट्टी", जिच्यासाठी पाच आठवडे थांबलो. सर, या गाडीत रेडिएटर नाही, पाणी नाही, फक्त हवा आणि अडीच लिटर ऑइल. बीटलचं इंजिन मागे डिकीत असतं, त्याच्या कडेने जी पट्टी असते ती वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते, ती फाटलेली असली की फॅन खालचीच गरम हवा परत ओढतो. त्यात तुमच्या मॉडेलला ऑइल कूलर फॅनच्या डब्यातच उभा, त्यामुळे तीन नंबरच्या सिलिंडरला आधीच हवा कमी मिळते. बसवून बघितलेली लोकल पट्टी कोपऱ्यात बसेना, म्हणून बाहेरून मागवली. परत तीच वेळ आली तरी मी थांबेन.

आता ५०० किमी झाले असतील. ऑइल बदलणं, जाळी धुणं (या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो, फक्त जाळी) आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट लावणं) आमच्याकडून फ्री. ओढ खरंच कमी वाटत असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पण तुमच्यासमोर बघतो. टॅपेट थंड इंजिनावरच लावतात, ०.१५ मिमी, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी गाडी आणून ठेवा, रात्रभर गार होऊ दे, शनिवारी सकाळी तुम्ही आलात की मगच झाकणं उघडतो.