सूज बुरशीची नाही, आपल्याच पेशींची

तो फॉरवर्ड परत आला. म्हणे फंगल इन्फेक्शनमधली लाली, खाज, सूज म्हणजे बुरशीचं विष, सूज उतरली की बुरशी संपली, आणि इम्युनिटी वाढवा म्हणजे ती पुन्हा येणारच नाही. तिन्ही वाक्यं एकदम ठाम आणि तिन्ही चुकीची, पहिल्यात चिमूटभर खरं आहे तेवढं सोडून.

आधी विषाचं बघू. बुरशीच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशींना नसते, आणि त्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची लांब साखळी असते जी माणसाचं शरीर बनवतच नाही, त्यामुळे ती हाताला लागली की घरात कोणीतरी परकं घुसलंय हे मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना लगेच कळतं. ती पकडायला त्यांच्या अंगावर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारा हूक असतो, 2001 मध्ये त्याचं हे काम लक्षात आलं. तिथून पेशीच्या आत सिक, मग कार्ड-९ या प्रथिनांच्या हातून निरोप सरकत जातो, जीन्स चालू होतात आणि टीएनएफ, आयएल-६ हे सूज आणणारे निरोपे बाहेर पडतात. आयएल-१ बीटा या तशाच निरोप्याची गंमत वेगळी, तो आधी अर्धवट बनून पडलेला असतो, इन्फ्लमासोम नावाचा प्रथिनांचा संच जुळला की कॅस्पेज-१ हे एन्झाइम त्याला कापतं आणि मगच तो कामाला लागतो. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी न्यूट्रोफिल धावत येतात, आणि आपल्याला दिसते ती लाली.

आता ते चिमूटभर खरं. कँडिडा ही बुरशी भलती बेरकी, बीटा-ग्लुकनवर मॅनन या दुसऱ्या साखरेचा थर पांघरून बसते. मॅक्रोफेजने गिळली तरी आत बसून गोल पेशीचा लांब धागा करते आणि मॅक्रोफेजलाच फोडून बाहेर येऊ शकते. शिवाय हे धागे कँडिडालायसिन सोडतात, 2016 मध्ये सापडलेला 31 अमिनो आम्लांचा तुकडा, जो पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो. म्हणजे विष आहे बरं का, पण भोक पडल्यावरचा आरडाओरडा परत आपल्याच पेशींचा.

'सूज उतरवा' हा सगळ्यात घातक सल्ला. नायट्यावर नुसतं स्टिरॉइड मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, कडेची लाल रिंग फिकी पडते, माणूस खूश. आत बुरशी निवांत पसरतेय कारण तिला अडवणाऱ्यांनाच आपण झोपवलं, आणि मलम बंद केलं की तीच रिंग मोठी होऊन परत. वर ओळखीचा आकार बिघडलेला, त्यामुळे डॉक्टरही चकतात. बुरशी मारायला अँटीफंगलच लागतं, आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील तेवढे.

राहिलं 'इम्युनिटी वाढवा'. ती काय रेडिओचा आवाज आहे का, बटण फिरवलं की वाढला? कार्ड-९ च्या जीनमध्येच बिघाड असलेल्या लोकांमध्ये कँडिडा मेंदूपर्यंत गेलेली आहे, बाकी बरीचशी प्रतिकारशक्ती ठीकठाक असूनही. सोरायसिस या त्वचारोगासाठी आयएल-१७ हा आणखी एक निरोप्या अडवणारी औषधं घेणाऱ्यांना कँडिडाचा त्रास जास्त होतो, म्हणजे तो एक निरोप तुटला तरी फरक पडतो. आणि उलटही होतं. एचआयव्हीच्या पेशंटला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असला तर एचआयव्हीची औषधं मुद्दाम काही आठवडे उशिरा सुरू करतात, कारण प्रतिकारशक्ती घाईने परत आली तर मेंदूतली सूजच जीवावर बेतू शकते.