‘थंड’ या शब्दावर जाऊ नका

टायटॅनियमच्या कोल्ड स्प्रेवरचा, म्हणजे धातूची पावडर वायूच्या वेगवान झोताने फवारून थर चढवण्याच्या पद्धतीवरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘उष्णता लागतच नाही’ हे वाक्य खटकलं. नायट्रोजन किंवा हेलियम कित्येकदा ८००-१००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच नॉझलमध्ये सोडतात. थंड एवढ्याच अर्थी, की पावडर वितळत नाही. टायटॅनियम वितळतं १६६८ अंशांना. कण चिकटतात ते वेगामुळे. आदळताना कण चपटा होतो, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि आतला ताजा धातू समोरच्या धातूला भिडतो. वेग ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पडला तर कण नुसता उडून जातो.

टायटॅनियमला हे सोयीचं, कारण तापल्यावर तो ऑक्सिजन अधाशासारखा शोषतो आणि ठिसूळ होतो. वितळवायचं म्हणजे निर्वात किंवा आर्गॉनचं कवच आलंच. इथे ती कटकट बरीच कमी होते.

पण शुद्ध टायटॅनियम आणि टीआय-६एएल-४व्ही (ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम) यांना एकाच मापाने मोजू नये. हा मिश्रधातू कडक, त्याचे कण पुरेसे चपटे होत नाहीत आणि मध्ये पोकळ्या राहतात. फवारलेला भाग तसाच ओढून पाहिला तर फारसा न ताणता तुटतो. नंतर उष्णोपचार लागतोच. गरम समदाबाने, म्हणजे भाग तापवून सगळीकडून वायूचा सारखा दाब दिल्याने, पोकळ्या मिटतात म्हणतात, पण पृष्ठभागापर्यंत उघड्या असलेल्या मिटत नाहीत, कारण वायू त्यांच्यातच शिरतो! हेलियमने वेग वाढतो खरा, पण तो महाग. झिजलेल्या भागावर थर चढवायला पद्धत उत्तम; अख्खा भार पेलणारा सुटा भाग यातून घडवायचा तर मी आधी त्याचे ताण-चाचणीचे आकडे मागेन. लेखात तेच नाहीत.