‘नुसती पोळी सोडायची, त्यात रडण्यासारखं काय?’

सीलिअॅक या गहू न चालण्याच्या आजाराबद्दलचा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर पुन्हापुन्हा येतो. थोडक्यात असा: ‘गव्हाची अॅलर्जी हे नवं खूळ आहे. पोळी सोडली की माणूस ठणठणीत. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ असताना रडायचं कशाला? प्रसादापुरतं खाल्लं तर काही होत नाही. बाकी त्रास टेन्शन घेतल्यामुळे.’

खूळ नाही आणि अॅलर्जीही नाही. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाशी असलेला संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला होता. म्हणजे नवं तर मुळीच नाही.

‘पोळी सोडली की ठणठणीत’ हे अर्धंच खरं. आतडं भरून यायला महिने लागतात, मोठ्यांत कधी वर्षं. तोवर लोह, बी-१२, फोलेट कमी पडलेलं असतं आणि थकवा, चिडचिड, उदासी त्यातूनही येते. स्वीडनमधल्या आरोग्य नोंदींच्या अभ्यासात या रुग्णांत नैराश्याचं प्रमाण जास्त दिसलं. पथ्याने अनेकांचं मन सावरतं, पण सगळ्यांचं नाही.

आता ज्वारी-बाजरी. धान्यांची यादी बरोबर आहे, पण दळणाचं काय? गिरणीत ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळून झालेले असतात. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे साधं वरणही विचारून खायचं. गंमत अशी, की उपासाची भाजणी गव्हावर दळलेली आपल्याला चालत नाही. तिथे कुणी कुणाला विक्षिप्त म्हणत नाही. तीच काळजी आजारासाठी घेतली की ‘फार नखरे बाई हिचे’. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात सीलिअॅकच्या रुग्णांनी उपचाराचं ओझं उच्च रक्तदाबवाल्यांपेक्षा जास्त, जवळजवळ किडनी निकामी झालेल्यांइतकं सांगितलं. गोळी एकही नाही, तरी.

‘प्रसादापुरतं’ हा सगळ्यात घातक सल्ला. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने गेलं तरी आतड्याला इजा होते, असं दिसून आलंय. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. आणि सत्यनारायणाचा शिरा म्हणजे निव्वळ रवा. माझी भाची तो हातावर घेते, नमस्कार करते आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवते. काकू बघत असतातच. ‘देवाचा आहे गं, एवढ्याशानं काय होतंय?’ पंक्तीत चारजणांदेखत हे ऐकायला नको म्हणून तिने अशा कार्यक्रमांना जाणंच कमी केलंय. मन खचतं ते इथे.

राहिलं टेन्शन. ते असतं, पण बहुतेकदा आजाराच्या मागून येतं. जिथेतिथे धास्तावून राहण्याची किंमतही मोजावी लागते: कोलंबिया विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात पथ्याबाबत अति सावध राहणाऱ्या रुग्णांचं जगण्याचं समाधान कमी आढळलं. म्हणून ‘पथ्य कडक पाळा’ एवढं सांगून भागत नाही. आहारतज्ज्ञाने कुठे खरा धोका आहे आणि कुठे नाही हे समजावून द्यायला हवं. पथ्य नीट पाळूनही उदासी हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. आणि मेसेज वाचून घरच्याघरी गहू सोडून बघणाऱ्यांसाठी: आधी रक्ताची तपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती निगेटिव्ह येऊ शकते.