पायाला हेल्मेट घालतात का?

परवा उंब्रजला आत्याकडे गेलो होतो. कपाटात दुसरंच काही शोधताना तळाशी साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी हाताला लागली. आत एफआयआरची झेरॉक्स, आरसी, पॉलिसी आणि टाचणीला टोचलेली दवाखान्याची बिलं. नोव्हेंबरात उलट्या बाजूने आलेल्या टेंपोने आतोबांना उडवलं, मांडीचं हाड मोडलं, आत सळी घालावी लागली. "दावा टाकला का?" म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, "अरे, हेल्मेट नव्हतं ना ह्यांना. आता काय मिळणार?" आणि पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला.

तोच मेसेज. वर लाल दिवा, खाली 'जनहितार्थ'. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात पाच गोष्टी ठणकावून सांगितल्या आहेत: विनाहेल्मेट अपघात झाला तर विमा कंपनी एक रुपया देत नाही, एक चलन फाटलं की हप्ता दुप्पट, परदेशी शिक्क्याचं हेल्मेट असेल तर आयएसआय लागत नाही, गावात चाळीसच्या आत चालवणाऱ्याला हेल्मेटची गरजच नाही, आणि हेल्मेटने मान मोडते. हेल्मेट घाला म्हणायचं आहे की घालू नका, हे लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही.

माझं पोट विम्याच्या एजन्सीवर आहे, हे आधीच सांगतो. म्हणूनच पहिल्या मुद्द्यावर डोकं फिरलं. गाडीच्या विम्याला तीन वेगळे खिसे असतात. एक, गाडीच्या नुकसानीचा. टाकी चेपली, फोर्क वाकला, तर त्यात तुमच्या डोक्यावर काय होतं याचा संबंध कुठे आला? दुसरा, मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा. तो अडतो लायसन्स नसेल किंवा दारू प्यायलेली असेल तर. स्टँडर्ड पॉलिसीतले अपवाद वाचा, हेल्मेट त्यात नाही. हेल्मेट नसल्याचा दंड वेगळा आहे, 1,000 रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित. तो पोलिसांचा विषय, विमा कंपनीचा नाही.

तिसरा खिसा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, आणि आतोबांचं प्रकरण त्यातलं. चूक टेंपोवाल्याची, म्हणून भरपाई द्यायची टेंपोच्या विमा कंपनीने. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. इथे मात्र कंपनीचा वकील हेल्मेटचा विषय काढतो, हे मान्य. डोक्याला मार असेल तर 'थोडी चूक तुमचीही' म्हणून काही टक्के कपात होऊ शकते, काही प्रकरणांत झालीही आहे. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच. पण कपात म्हणजे शून्य नव्हे, आणि कपातही आपोआप होत नाही.

जानेवारी 2020 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. मोटारसायकलवर तिघं, मागून कारची धडक, मागे बसलेला एक जण गेला. ट्रिपल सीट होते म्हणून उच्च न्यायालयाने भरपाई दहा टक्के कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. म्हणणं सरळ होतं: तिघं बसणं हा कायदाभंग असेल, पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवा, नुसता नियम मोडला म्हणून पैसे कापता येत नाहीत. हाच न्याय हेल्मेटला लावा. आतोबांच्या डोक्याला खरचटलंसुद्धा नाही, मोडली ती मांडी. पायाला हेल्मेट घालतात का?

या मेसेजचं खरं पाप पुढेच आहे. एप्रिल 2022 पासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत टाकायचा, असं कायद्यात आहे. 'काही मिळत नाही' म्हणून पिशवी कपाटात गेली की महिने आपले आपण सरतात. त्यात फायदा टेंपोच्या विमा कंपनीचा.

बाकीचं पटकन उरकतो. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार इंजिनच्या सीसीवर ठरवतं. 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीला 714 रुपये आणि त्यावर 350 पर्यंत 1,366. त्यात चलनाचा रकाना नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो क्लेम घेतल्यावर, पावती फाटल्यावर नाही. हां, 2021 च्या सुरुवातीला विमा नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून जादा हप्ता घ्यावा अशी शिफारस केली होती. बहुधा तिथूनच कुणीतरी 'दुप्पट' उचललं. शिफारस आणि नियम यांत फरक असतो एवढं तरी बघायचं.

शिक्क्याचं उलटं आहे. जून 2021 पासून देशात विकायच्या दुचाकी हेल्मेटवर आयएसआय सक्तीचं आहे, परदेशी स्टिकर कितीही चमकू दे. आणि फुटपाथवर तीनशे रुपयांत मिळणाऱ्या टोपल्यावरही आयएसआय छापलेलं असतंच. शिक्क्याखालचा लायसन्स नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे.

चाळीसच्या आत म्हणे! दीड मीटरवरून डोकं नुसतं खाली पडलं तरी जमिनीवर आदळताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो, गाडी जागेवर उभी असली तरी. मानेचं म्हणाल तर वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2008 च्या आढाव्यात 61 अभ्यास एकत्र पाहिले होते. हेल्मेटने मृत्यूचा धोका 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्के कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. मान मोडते हे सिद्ध करणारं त्यात काही नाही. आणि 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातात गेले, त्यातले 14,337 मागे बसलेले. हे आतोबांनाही वाचून दाखवलं. ते भिंतीकडे बघत बसले.

पिशवी मी घेऊन आलोय. बिलांतली दोन पानं फिकी पडलीत, त्यांच्या नकला दवाखान्यातून काढायच्या आहेत. सहा महिने भरायला एकोणीस दिवस उरलेत, सोमवारी वकिलांकडे जातोय.