तिकडच्या बायका होत्याच की, पण...

एनडीएतून, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या पुण्याच्या अकादमीतून, मुलींची पहिली बॅच मे 2025 मध्ये पास आऊट झाली, 17 जणी, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नेहमीची जुंपली. मामा म्हणे हे सगळं फोटोपुरतं, खरी लढाई लागली की कळेल. त्यावर मावसबहीण मला म्हणते, अगं तू सांग ना याला, तिकडच्या बायका महायुद्धात सुद्धा होत्या.

होत्या की. पण मी एडिनबरात राहते, इथल्याच डॉ. एल्सी इंग्लिस (जन्म आपल्या नैनितालचा), 1914 ला बायकांचं अख्खं हॉस्पिटल उभं करून देते म्हणून वॉर ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या युद्धखात्याकडे, गेल्या, तर उत्तर मिळालं, बाई, घरी जा आणि गप्प बसा. मग फ्रान्स आणि सर्बिया हो म्हणाले. पॅरिसजवळ रॉयोमाँच्या मठातल्या हॉस्पिटलात सर्जनपासून वॉर्डातल्या मदतनीसांपर्यंत बायकाच, आणि इंग्लिस स्वतः सर्बियात, तिथे ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या हाती पण सापडल्या.

दुसऱ्या महायुद्धात तर डिसेंबर 1941 ला इथे ब्रिटनमध्ये कायदाच झाला, 20 ते 30 वयाच्या बिनलग्नाच्या मुलींना भरती सक्तीची. विमानविरोधी तोफांवर याच मुली विमानाची उंची, दिशा सगळं यंत्रावर काढून द्यायच्या, पण तोफ डागायची मात्र पुरुषानेच, मुलीने नाही, असा नियम. बॉम्ब दोघांवर सारखेच पडायचे म्हणा. आणि सगळ्या लढाऊ जागा इथे उघडल्या कधी, तर 2018 ला!

आपल्याकडेही 1942 ला विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघाली, हजारो मुली टेलिफोन, वायरलेस, ऑफिसं सांभाळत होत्या, युद्धानंतर ती गुंडाळली आणि आर्मीत नर्सिंग-मेडिकल सोडलं तर बायका अधिकारी म्हणून आल्या त्या थेट 1992 ला. म्हणून 'वेळ आली तेव्हा बायकांनी करून दाखवलं' या कौतुकाने मी आता हुरळत नाही, कारण वेळ गेली की घरी पाठवतात, इथेही आणि तिथेही. मला कागदावरचा हक्क जास्त भरवशाचा वाटतो. आपल्या सुप्रीम कोर्टात आर्मीतल्या बायका अधिकाऱ्यांच्या खटल्यात सरकारचं म्हणणं काय होतं, तर खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. म्हणजे अडचण जवानाच्या डोक्यात आणि प्रमोशन अडणार बाईचं! कोर्टाने 2020 ला ते उडवून लावलं, 2021 ला एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली, म्हणून या 17 जणी, कुठल्या युद्धात माणसं कमी पडली म्हणून नाही. आपल्याकडे पायदळ आणि रणगाडे बायकांना अजून बंदच आहेत, भांडायचं तर त्यावर भांडा.