दुसऱ्या पानावर ८ होता

रेल्वेच्या एनटीपीसी (म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीच्या) फॉर्ममध्ये ज्यांनी पसंतीक्रमात 'गुड्स ट्रेन मॅनेजर' वर टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अभ्यासाबद्दल नाही. डोळ्यांबद्दल.

ट्रेन मॅनेजर म्हणजे आपला गार्ड. जानेवारी २०२२ मध्ये नाव बदललं, काम तेच. अमेरिकेत मालगाडीवरच्या अशा माणसाला कंडक्टर म्हणतात म्हणे. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एसटीचाच.

मी मार्च २०१९ मध्ये फॉर्म भरला. पदं ३५ हजारांवर, अर्ज सव्वा कोटी. फी पाचशे, पहिल्या पेपरला बसलं की चारशे परत. क्लासच्या सरांनी सांगितलं, "स्टेशन मास्तरला ॲप्टिट्यूड टेस्ट आहे, क्लार्कला टायपिंग आहे, गार्डला काहीच नाही. गार्ड वर टाका." पगाराची लेव्हल ५, मूळ पगार २९,२००, शिवाय रनिंग अलाउन्स, म्हणजे गाडीवरच्या ड्युटीचा भत्ता. टाकला. गार्ड नक्की करतो काय, हे वर्गात एकानंही विचारलं नाही. मीही नाही, आणि माझे तर सख्खे मामा भुसावळला गार्ड होते!

मामा सांगायचे ते आम्ही गोष्टीसारखं ऐकायचो. गाडीच्या शेपटाला ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, जुनी असेल तर त्यात ना दिवा ना संडास. इंजिनात दोघं, मागे तुम्ही एकटे. गाडी घसरून शेजारची लाइन अडली, तर डेटोनेटर घेऊन चालत सुटायचं. ६०० मीटरवर रुळावर एक ठेवायचा, मग १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर सावध. रात्र असो, पाऊस असो, खडीवरून हातात लाल दिवा धरून. मामा याला 'फटाके लावणं' म्हणायचे, त्यामुळे आम्हाला ते काम दिवाळीसारखंच वाटायचं.

मामांच्या वेळी मुलाखत असायची. टेबलापलीकडे तीन साहेब. एकानं विचारलं, "दोन डबे जोडणारं कपलिंग तुटलं, गाडी दोन तुकडे झाली, तू मागच्या तुकड्यात. आधी काय करशील?" मामा म्हणाले, "हँडब्रेक आवळीन." उत्तर बरोबर निघालं, पण मामांना लक्षात राहिला तो त्यानंतरचा प्रश्न. साहेबानं ब्रेकव्हॅनमधल्या रात्रीचं वर्णन केलं आणि म्हणाला, "जमेल का?"

पुढे मुलाखत बंद झाली. बरंच झालं. वशिला, चिठ्ठ्या, 'कुणाचा तू' हे सगळं त्याच टेबलावर चालायचं. माझ्यासारख्या बिनओळखीच्या पोराला कॉम्प्युटरवरची परीक्षाच बरी. पण त्या टेबलाबरोबर 'जमेल का' हा प्रश्नही गेला.

पुढचं थोडक्यात. पहिला पेपर २०२१ मध्ये, निकाल २०२२ च्या जानेवारीत (त्यावरून बिहारमध्ये जाळपोळ झाली ती आठवत असेल), दुसरा पेपर जूनमध्ये. कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणीला बोलावणं आलं तेव्हा २०२३ उजाडलं होतं. कागदपत्रं बघणारा क्लार्क सोडला तर चार वर्षांत रेल्वेचा जो पहिला माणूस माझ्याशी समोर बसून बोलला, तो डोळ्यांचा डॉक्टर.

त्यांच्यासमोर ठिपक्यांचं पुस्तक होतं, रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं. पहिल्या पानावर १२. तो सगळ्यांनाच दिसतो. दुसरं पान उलटलं, मी म्हणालो, "३." डॉक्टरांनी मान वर केली नाही. आणखी एक पान. "७०." त्यांनी पुस्तक मिटून परत पहिल्यापासून उघडलं. मला वाटलं, पाठांतर तपासतायत. दुसऱ्या पानावर ८ होता. मी ७० म्हणालो तिथे २९ होते. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. आंबा पिकला की नाही हे मी कायम वासावरून ठरवायचो, त्याचं कारण तेव्हा लक्षात आलं.

दोष कुणाला देऊ? गार्डला ए-२ हा वैद्यकीय दर्जा लागतो, म्हणजे चष्म्याशिवाय लांबची नजर ६/९ आणि रंगदृष्टी शाबूत, हे जाहिरातीत छापलेलं होतं. वैद्यकीयमध्ये बाद झालात तर बदली पद मिळणार नाही, हेही. मामा तर तोंडानं म्हणाले होते, "फॉर्म भरण्याआधी डोळे दाखवून घे." मी म्हणालो, "मला कुठे चष्माय?" सीनियर क्लार्कला सी-२ पुरतं, तिथे रंग बघत नाहीत. ते पद मी पार खाली टाकलं होतं.

तरी एक म्हणणं आहे. सव्वा कोटींचे डोळे रेल्वेला तपासता येणार नाहीत, मान्य. पण दुसऱ्या पेपरला पदांच्या वीसपटच पोरं बोलावली होती. त्यांतल्या गार्ड आणि स्टेशन मास्तर मागणाऱ्यांकडून तेव्हाच सरकारी दवाखान्याचा रंगदृष्टीचा दाखला मागायला काय हरकत होती? आणि क्लासवाल्यांनी भिंतीवरच्या टॉपर्सच्या फोटोंशेजारी त्या ठिपक्यांची दोन पानं लावली तर किती खर्च येतो?

२०२४ च्या जाहिरातीत गुड्स ट्रेन मॅनेजरची ३,१४४ पदं निघाली तेव्हा मामेभावाला मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पठ्ठ्यानं ८ वाचला, २९ वाचले, धडाधड. घरी आल्यावर मामांनी त्याला विचारलं, "रात्रभर एकटा बसशील ब्रेकव्हॅनमध्ये?"

"त्यात काय पप्पा, मोबाइल असतो ना."

मामा हसले नाहीत.