हरिश्चंद्रगड कसा पाहावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

पावसाळा लागला की हरिश्चंद्रगडावर जावंच लागतं. नाही गेलात तर सोसायटीच्या ग्रुपवर तोंड कसं दाखवणार? गेल्या शनिवारी आम्ही पाचनईवरून वर गेलो आणि गड पाहायची खरी रीत तिथल्या जाणकारांकडून शिकून आलो. ज्ञान वाटल्याने वाढतं, म्हणून हा प्रपंच.

निघायचं शुक्रवारी रात्री. पहाटे तीनला पाचनईत उतरलात की बसच्या दारातूनच घोषणा द्या. गाव झोपलेलं असतं, पण शेतकऱ्यांना लवकर उठायची सवय असतेच की.

खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट टाळा. तिथे गर्दी कमी असते.

इतिहास शिकायचाच असेल तर शिट्टीवाल्या ट्रेक लीडरकडून शिका. आमच्या पुढच्या तुकडीचा लीडर देवळासमोर उभा राहून सांगत होता की हे सगळं राजा हरिश्चंद्राने स्वतः बांधलं. पुरावा? शिखरांची नावं तारामती आणि रोहिदास! एका मुलीने चांगदेवांबद्दल विचारलं, तर म्हणाला, "ते इथले पुजारी असतील बहुतेक. चला, ग्रुप फोटो." ज्यांनी याच डोंगरावर बसून 'तत्त्वसार' लिहिला असं मानतात, त्यांची ही बोळवण. गड मराठ्यांनी मोगलांकडून १७४७-४८ च्या सुमारास घेतला, हे सांगायला तर वेळच नव्हता. फोटोला उजेड होता ना!

चांगदेवांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक सूचना. देवळाच्या आसपास जुने शिलालेख आहेत, ते वाचत बसू नका. शेजारच्या मोकळ्या दगडावर आपलं आणि तिचं नाव कोरा, मध्ये बदाम काढा. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला होता म्हणतात. तुम्ही मात्र एक दगड कोरा सोडू नका.

आता केदारेश्वराची गुहा. कमरेएवढं बर्फासारखं गार पाणी, मधोमध भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब. त्यातला एकच अखंड उरलाय. चार खांब म्हणजे चार युगं आणि हा शेवटचा पडला की कलियुग संपणार, ही कथा तुम्ही रीलमध्ये ऐकलेली असतेच. तेव्हा बूट घालून पाण्यात उतरा. स्पीकर लिंगाच्या कट्ट्यावर ठेवा, गुहेत घुमतो छान. मग एकाने त्या खांबाला खांदा लावून ढकलायचं आणि दुसऱ्याने "बघू, कलियुग संपतंय का" असं ओरडत शूट करायचं. मी हे बनवून सांगत नाही. माझ्या डोळ्यांसमोर केलं त्यांनी हे! मी "अरे, काय करताय?" म्हटलं तर उत्तर आलं, "काका, चिल." पाण्यावर वेफर्सची पाकिटं तरंगत होती. शेकडो वर्षं उन्हापावसात तगलेला डोंगरातला दगड, त्याला तुमच्या वीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी खांदे मारता? खरंच पडला असता तर कलियुग सोडा, त्या गुहेतलं कोण वाचलं असतं?

असो. मार्गदर्शन पुढे चालू.

सप्ततीर्थ पुष्करणीत पाय धुवा. भांडीही.

कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकवायची पद्धत जुनी झाली. आता काठावर उडी मारतानाचा फोटो काढतात. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं. बिचाऱ्याकडे मोबाइल नव्हता, नुसतं बघत बसावं लागलं. रिकामी बाटली दरीत फेकून पाहा, पावसाळी वारा ती पुन्हा वर आणून टाकतो. मग सगळे टाळ्या वाजवतात. कड्याला तुमची घाण नको आहे, हे त्याने आणखी कोणत्या भाषेत सांगायचं?

आणि हे अभयारण्य आहे हो! कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये अभयारण्यात कचरा करायला सरळसरळ मनाई लिहिली आहे. पाटी वाचता येत नाही का? इंजिनिअर आहात म्हणे सगळे. घसा फाटेपर्यंत महाराजांचा जयजयकार करायचा आणि त्याच हाताने गुटख्याची पुडी तटाच्या फटीत कोंबायची, लाज वाटत नाही? इतिहास ऐकायचा नसेल तर नका ऐकू, कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण जे उभं आहे त्याला हात लावू नका. स्पीकर घरी ठेवा. आपला कचरा आपल्याच पाठीवर खाली आणा. आणि पाचनईत पावसात चुलीपाशी धूर खात भाकऱ्या थापणाऱ्या मावशींशी दहा रुपयांवरून हुज्जत घालू नका. ताट चाटून पुसून खाल्लंत ना? मग पैसे पूर्ण द्या.